एकाच तिकिटाचे दोन कागद

पहिल्यांदा ती तिकिटं पाहिली तेव्हा मला त्यांच्यात काहीच फरक दिसला नाही. टेबलावर जुन्या चादरीचा पांढरा तुकडा पसरून सरांनी ती ओळीने मांडली होती. बावन्न तिकिटं, सगळी अमेरिकेची, पाच सेंटची, दीडशे वर्षांच्या आसपासची. सगळी निळी, आणि सगळ्यांवर समोर बघणारा एकच राष्ट्राध्यक्ष.

"सांग, पदवीधर," सर म्हणाले, "यातली वेगळी कुठली?"

सर मला पदवीधर म्हणतात, माझं बी.ए. झालं तेव्हापासून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडून चेष्टेत आला तरी मला अजून बरं वाटतं.

मी वाकून नीट पाहिलं. "सारखीच आहेत, सर. काहींचा रंग उडालाय एवढंच."

"रंग सोड."

"मग सारखीच."

"नापास!"

स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नींचं हसू ऐकू आलं. त्यांना मी चाची म्हणतो. "मीपण नापासच आहे त्यात," त्या आतूनच म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी एवढं निरखून बघितलं नाही यांनी."

"तुला बघायला भिंग लागत नाही," सर म्हणाले. त्यावर आत एक भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

सर आमच्या बेलापूरकडच्या हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते भिंगारच्या आपल्या जुन्या घरी परतले. मी नगरला एका सरकारी कचेरीत लिपिक आहे. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण रिक्षावाल्याला आम्ही नगरच सांगतो. रविवारी सकाळी मी भिंगारला सरांकडे जायचो. सुरुवातीला त्यांना पेपर वाचून दाखवायला म्हणून जात होतो, कारण साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे अधू झाले होते. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं आणि डाव्या डोळ्याने आकार दिसायचे, अक्षरं नाही. पुढे पेपर मागे पडला आणि तिकिटं आली.

त्या दिवशी सरांनी चाचपून दोन तिकिटं निवडली आणि माझ्यापुढे धरली. बोटांनी नाही, सपाट टोकाच्या चिमट्याने. एक खिडकीकडे धरलं. "उजेड कसा येतोय त्यातून?"

"स्वच्छ येतोय. सगळीकडून सारखा."

"आता हे."

दुसऱ्यातून येणारा उजेड डागाडागांचा होता. पातळ फडक्यातून बाहेर पाहावं तशी बारीक जाळी दिसत होती. मग त्यांनी चिमटा माझ्या कानाशी आणला आणि तिकिटाच्या मोकळ्या कडेला नखाने अगदी हलकी टिचकी मारली. पहिलं तिकीट बारीक, कोरड्या आवाजात वाजलं. दुसऱ्याचा आवाज आलाच नाही म्हटलं तरी चालेल. वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला टिचकी मारल्यासारखं वाटलं.

"चित्र तेच, साचा तोच, किंमत तीच," सर म्हणाले. "आधी ज्या छापखान्याकडे काम होतं त्यानं कडक कागद वापरला. पुढं काम दुसऱ्या छापखान्याकडं गेलं. त्यानं नरम कागद आणला, स्पंजासारखा. वरून काही कळत नाही. कागदालाच विचारावं लागतं."

ही तिकिटं भिंगारला कशी आली, तेही त्यांनी त्या दिवशी सांगितलं. सरांचे वडील, अब्बा, पुस्तकं बांधायचं काम करत. नगरला फार पूर्वीपासून अमेरिकन पाद्री राहत आले. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी बंगल्यातली जुन्या पत्रांची रद्दी एकदा गोणी भरून अब्बांकडे आली. पुठ्ठ्याच्या आत भरायला अशी रद्दी लागते. अब्बांनी पाकिटं वापरली, पण तिकिटं आधी कापून घेतली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिकिटं कुठल्या देशाची हेही त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं. पण कागद त्यांना कळायचा. निळ्या तिकिटांच्या त्यांनी आपणहून दोन पुड्या केल्या होत्या. सर विचारायचे, सारखीच तर आहेत, दोन पुड्या कशाला? त्यावर अब्बा एकेक तिकीट कानाशी वाजवून दाखवत. "ये बोलता, ये नै बोलता."

"आणि मी काय केलं?" सर म्हणाले. "अब्बा गेले त्या वर्षी मला नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत घरी आलो आणि एक छानसा आल्बम आणला. दोन्ही पुड्या त्यात रिकाम्या केल्या. एकच तर चित्र, म्हटलं, एका पानावर छान दिसेल. शिकलेला होतो ना."

पुढे कितीतरी वर्षांनी त्यांना तिकिटांच्या एका परदेशी यादीच्या झेरॉक्समध्ये कळलं की त्या तिकिटाचे खरंच दोन कागद आहेत आणि जाणकार माणसं ते उजेडात धरून नि टिचकी मारूनच ओळखतात. म्हणजे एका न शिकलेल्या बांधणीवाल्याने जे आपल्या कानाने वेगळं केलं होतं, ते त्याच्या शिकलेल्या मुलाने एका दुपारी मिसळून टाकलं होतं. सरांना त्या दोन पुड्या पुन्हा करायच्या होत्या. बाकी काही नाही. ती तिकिटं दुर्मीळ नव्हती आणि त्यांना ती कुणाला विकायचीही नव्हती.

घाई होती ती वेगळ्या कारणाने. डोळे गेल्यामुळे उजेडाची परीक्षा त्यांना करता येत नव्हती. माझ्या डोळ्यांवर ते सोपवायला तयार नव्हते, मिसळली मी तर निवडायचीही मीच म्हणायचे, आणि टिचकीने जुन्या कडा तुटतात म्हणून बोटांनी ओळखत होते. तिकीट अंगठा आणि तर्जनीत धरून किंचित वाकवायचं. कडक कागद परत येतो, नरम कागद तसाच राहतो. पण साखरेने बोटांच्या टोकांनाही मुंग्या येऊ लागल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हे पायापासून सुरू होतं आणि हातापर्यंत येतं. सरांच्या बाबतीत ते हातापर्यंत आलं होतं.

"डोळे गेले, आता बोटं निघालीत," ते म्हणायचे. "बोटं आहेत तोवर उरकायचं."

मार्गशीर्षापासून आषाढापर्यंत आम्ही दर रविवारी बसलो. सर तिकीट हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवत, मग "कडक" किंवा "नरम" म्हणत, आणि मी ते योग्य पाकिटात टाकून वहीत लिहीत असे. एका सकाळी एक किंवा दोनच व्हायची. कधी एकही नाही. ज्या दिवशी मुंग्या जास्त असायच्या त्या दिवशी ते हात खाली ठेवून म्हणायचे, "आज शाळा सुटली." आषाढ संपेपर्यंत तीस झाली. बावीस उरली. ही बावीस त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण त्यांच्याबद्दल त्यांना खात्री वाटत नव्हती. काहींच्या मागे जुन्या डिंकाचा थर होता. तो नरम कागदालाही ताठ करतो.

मग एका रविवारी त्यांनी ती बावीस तिकिटं एका पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "घरी ने. मोबाईलवर मोठे फोटो काढ आणि शिक्के वाच. बहुतेकांवर नुसते काळे ठिपके आहेत, पण एखाद्यावर वर्ष सापडलं तर तेवढीच मदत. आणि पदवीधर, सांभाळून."

हे "सांभाळून" मला फार लागलं. चुकीच्या अर्थाने नाही. सरांनी मला आजवर पुष्कळ दिलं होतं, पण त्यांची स्वतःची एखादी वस्तू सांभाळायला माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती.

माझ्यावर त्यांचे उपकार किती, ते थोडं सांगायला हवं. बारावीनंतर माझं जातपडताळणीचं प्रकरण अडलं होतं. आजोबांचा शाळेचा दाखला हवा होता. तो आमच्या पत्र्याच्या घरात वाळवीने खाऊन त्याचा भुसा झाला होता. वडील कारखान्यावर पहारेकरी. त्यांना कचेऱ्यांची भीती वाटायची. सर त्यांना स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून तीन गावच्या शाळा फिरले. शेवटी एका जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं आणि त्याचा उतारा मिळाला. त्याच दिवशी वडिलांनी श्रीरामपूरला उतरून त्या उताऱ्याचं लॅमिनेशन करून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक महत्त्वाचा कागद प्लास्टिकमध्ये गेला. माझी दहावीची गुणपत्रिका, आईचं आधार कार्ड, रेशन कार्ड, माझी पदवी, धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. आमच्याकडे एखाद्या कागदाचा मान राखायचा म्हणजे त्याचं लॅमिनेशन करायचं. दुसरा मार्ग आम्हाला माहीतच नव्हता.

मी सावेडीकडे भाड्याच्या खोलीत राहतो. त्या पावसात भिंतीला ओल आली होती. पहिल्याच रात्री पुस्तकांच्या फळीवर मला चांदीच्या रंगाची कसर पळताना दिसली आणि माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी फोटो काढताना पंखा बंद करायला विसरलो. दोन तिकिटं उडून खाटेखाली गेली. ती शोधायला मी अख्खी खाट भिंतीपासून ओढली. शिक्क्यांवर वर्ष एकाही तिकिटावर सापडलं नाही.

त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं.

"मंग पलास्टिकमधी घाल की," आई म्हणाली. "आपल्या दाखल्यावानी. कसर लागंना न्हाई पानी लागंना."

"शिक्षक दिन येतोय, आई. मी विचार करतोय की तसंच करून सरांना द्यावं."

"त्येंला लई बरं वाटंल बघ. तुझ्यासाटी किती केलंय त्येंनी."

मला ती कल्पना इतकी आवडली की मी पुढे विचारच केला नाही. हे मी आता लिहितोय तेव्हा वाचणाऱ्याला वाटेल की ज्या माणसाने आठ महिने शेजारी बसून कागद वाकवताना पाहिला, त्याला एवढं कसं कळलं नाही? मलाही कळत नाही. मी दर रविवारी "कडक" आणि "नरम" लिहीत होतो, पण माझ्या लेखी ती तिकिटं म्हणजे बाकी सगळ्या कागदांसारखा एक कागदच होती. तो वाचवायचा असतो. त्याला हात लावायचा असतो हे माझ्या हाडात नव्हतं.

कोर्टाजवळ झेरॉक्सची दुकानं आहेत. मी जाड पांढऱ्या कागदावर चार ओळींत बावीस तिकिटं मांडली. मागच्या बाजूला अगदी थोडा डिंक लावला, हलू नयेत म्हणून. खाली सुवाच्य अक्षरांत सरांच्या वडिलांच्या संग्रहातून असं लिहिलं. दुकानदाराने तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"खरी हायेत का काय तिकिटं?"

"खरी आहेत. जुनी आहेत."

"बघा बरं का. मशिनीत एकदा टाकलं की टाकलं. परत निघायचं न्हाई."

"तेच पाहिजे," मी म्हणालो.

त्याने मशीनचा दिवा हिरवा होईपर्यंत वाट पाहिली. कागद एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत, गरम, ताठ होऊन बाहेर आला. मी कडा कापून घेतल्या. फार सुंदर दिसत होतं ते. निळा रंग एकदम उठून आला होता. मी आईला फोटो पाठवला.

शिक्षक दिनाला मी कचेरीतून अर्धी रजा घेऊन भिंगारला गेलो. पेढे नेले होते, बिनसाखरेचे. सर पलंगावर बसले होते. मी पाया पडलो आणि ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काय आहे?"

"तुम्हीच ओळखा, सर."

त्यांनी दोन्ही तळहात त्यावरून फिरवले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. चेहऱ्यावर हसू होतं, कोडं घातलेल्या माणसाचं असतं तसं. "काच? फ्रेम केलीस काही?"

"नाही सर, लॅमिनेशन. आपली बावीस तिकिटं. आता कसर नाही, ओल नाही, काही नाही. जन्मभर राहतील."

सरांचे हात थांबले. मग एक बोट पुन्हा हललं, प्लास्टिकवर, अगदी हळू, वरच्या ओळीतल्या पहिल्या तिकिटाच्या जागी. तिथे चढ-उतार काही नव्हता. तिकिटाची कडा लागत नव्हती. त्यांनी तो कागद उचलून कानाजवळ नेला आणि टिचकी मारली. प्लास्टिकचा आवाज आला. कुठेही मारली असती तरी तोच आला असता.

तेव्हा मला कळलं.

चाची दारात उभ्या होत्या. त्यांना नीट काही उमगलं नसावं. "किती छान केलंय पोरानं," त्या म्हणाल्या. "सांगा की काहीतरी."

"छान केलंय," सर म्हणाले. "अक्षर कुणाचं, तुझं?"

"हो, सर."

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. सरांनी मान हलवली. मला वाटलं ते रागावतील. शाळेत ते रागवायचे. एकदा निबंधात एकच वाक्य दोनदा लिहिलं म्हणून त्यांनी माझी वही खिडकीबाहेर फेकली होती. मी मनातून वाट पाहत होतो की त्यांनी आत्ता तसंच काही करावं. पण त्यांनी पेढ्याचा पुडा मागितला, एक पेढा खाल्ला, आणि म्हणाले, "साखर नसली की पेढा म्हणजे नुसता खवा. खवा वाईट नाही."

"सर, मी काढून आणतो ती. काहीतरी करतो."

"बघ," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "घाई करू नकोस."

मी घाईच केली. दुसऱ्याच दिवशी त्या दुकानदाराकडे गेलो. त्याने कागद ओळखला. "म्या म्हन्लं न्हवतं का?" म्हणाला. पण माझा चेहरा पाहून नरमला आणि त्याने कपाटातून एक खराब झालेलं लॅमिनेशन काढून ते मशीनच्या गरम पट्टीवर धरून ओढून दाखवलं. आतला झेरॉक्सचा कागद दोन पापुद्र्यांत फाटला. छापील बाजू प्लास्टिकला राहिली. "डिंक कागदात मुरतो, साहेब. जेवढा मऊ कागद, तेवढा जास्त मुरतो." मग मी माझ्या एका मित्राला विचारलं. तो औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात आहे. त्याने एका बाटलीत कसलंसं द्रावण दिलं. मी ते आधी जुन्या रेशन कार्डावर वापरून पाहिलं. शाई पसरली, प्लास्टिक तसंच राहिलं. मोबाईलवर इंग्रजीतले व्हिडिओ पाहिले. त्यांत गोरी माणसं पाण्यात, बेंझिनमध्ये तिकिटं बुडवून कागदाचे प्रकार ओळखत होती. लॅमिनेट केलेल्या तिकिटाचं काय करावं हे कुणी सांगत नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी असं केलंच नसावं.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "एक काढून बघू. शेवटचं, कोपऱ्यातलं. जाईल तर जाईल."

चाचींनी इस्त्री तापवली. वर सुती रुमाल ठेवून त्या हलक्या हाताने इस्त्री फिरवत होत्या आणि मी ब्लेडने कोपरा सोडवत होतो. सर शेजारी खुर्चीत होते. "काय चाललंय?" असं दर मिनिटाला विचारत होते.

"सुटतंय, सर. थोडं सुटतंय."

"ओढू नकोस."

"नाही ओढत."

मी ओढलं नाही. आपणहूनच ते सुटत गेलं आणि सुटताना अर्धं झालं. राष्ट्राध्यक्षाचा चेहरा प्लास्टिकवर राहिला. मागचा कागद लोकर निघावी तसा धाग्याधाग्यांनी वर आला.

"झालं?" सरांनी विचारलं.

"फाटलं, सर."

त्यांनी हात पुढे केला. मी तो पापुद्रा त्यांच्या बोटांवर ठेवला. ते बराच वेळ चोळत राहिले. मग डावा हात, मग पुन्हा उजवा. शेवटी त्यांनी तो खालच्या ओठाला लावला. अब्बा असं करायचे, हे त्यांनी मागे कधीतरी सांगितलं होतं. हाताला चिकटवायची लेई लागलेली असली की ते कागद ओठाने तपासत.

"नरम असावा," सर म्हणाले. मग मान हलवली. "नाही. तुकड्यावरून नाही सांगता येत. असं अर्धं सोललेलं काहीही नरमच लागणार."

"आणखी एक काढून बघायचं का?" चाचींनी विचारलं.

"कशाला? ओळखण्यासाठी एकेक मारत सुटायचं का?" हे मात्र ते जोरात बोलले. चाचींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. एकवीस तिकिटं जशी होती तशी राहिली.

मी त्या दिवशी माफी मागितली. आधीही मागितली होती, पण त्या दिवशी मला रडू आलं. सर म्हणाले, "रडू नकोस रे. मला दिसत नाही, फुकट जातं." चाची हसल्या. मलाही हसावं लागलं, आणि नंतर बसमध्ये पुन्हा रडू आलं.

दिवाळीनंतर सरांची बोटं पूर्ण गेली. चहाचा कप गरम आहे की नाही ते त्यांना गालाला लावून पाहावं लागत होतं. त्या सुमारास एका रविवारी ते म्हणाले, "ती तीस काढ. पाकिटातली."

"ती झालीत, सर. वहीत आहे सगळं."

"झालीत, पण कुणी केलीत? या बोटांनीच ना? बोटं कधीपासून खोटं सांगायला लागली, मला काय ठाऊक. कान शाबूत आहेत. कानानं बघू."

म्हणून आम्ही पुन्हा बसलो. मी चिमट्याने तिकीट सरांच्या कानाशी धरायचं आणि नखाने टिचकी मारायची. सर ऐकून सांगायचे. मी वहीत आधी काय लिहिलं आहे ते त्यांना सांगायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं. भिंगारमध्ये शांतता मिळवणं सोपं नाही. कुकरची शिट्टी, भंगारवाला, शेजारचा टीव्ही, आणि छावणीतल्या लष्कराच्या गाड्या. गाडी गेली की सर हात वर करायचे, मी श्वास रोखून टिचकी मारायचो.

"कडक."

वहीत कडक होतं.

"नरम."

वहीत नरम.

"कडक."

वहीत नरम होतं. मी वहीत खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. मग पुन्हा. खिडकीतून उजेड येत होता. मी त्यातलं एक तिकीट गुपचूप उजेडात धरून पाहिलं. जाळी नव्हती, स्वच्छ होतं. कान बरोबर होते.

तीन रविवार लागले. एकोणतीस झाली तेव्हा सरांनी विचारलं, "किती चुकली होती?"

मला आकडा सांगवेना. "काही."

"किती, पदवीधर?"

"अकरा, सर. पहिली पौषातली."

त्यांच्या मांडीवर त्यांचे दोन्ही हात उताणे पडले होते. "म्हणजे पौषातच गेली होती बोटं," ते म्हणाले. "आणि मी आषाढापर्यंत ऐटीत कडक-नरम करत बसलो."

मला त्यांना सांगायचं होतं की मग त्या बावीसांचाही निर्णय बोटांनी चुकलाच असता. पण ते खरं नव्हतं. बावीस सुटी असती तर आज कानाने झाली असती. हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी फक्त म्हणालो, "एक राहिलंय."

तिसावं तिकीट फार झिजलेलं होतं. मी ते कानाशी धरलं. टिचकी मारली.

"पुन्हा," सर म्हणाले.

मी पुन्हा मारली. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आवाज सुरू झाला होता. मी थांबलो.

"थांबू नकोस. पुन्हा."

"सर, कडा मऊ पडतेय. तुटेल."

"एकदाच."

मी मारली. कडेचा एक बारीक दात तुटून चादरीच्या पांढऱ्या तुकड्यावर पडला. इतका बारीक की मला तो बोटाने उचलता येईना.

"सर, दात तुटला."

"तुटताना वाजला का?"

"नाही."

"मग नरम," सर म्हणाले. "लिही."

मी वहीत नरम असं लिहिलं. त्या वेळी बाहेरून लष्कराचे ट्रक एकामागून एक चालले होते, खिडकीची तावदानं हादरत होती, आणि ते आम्हां दोघांनाही ऐकू येत होतं.